गेलेला हात आणि शिकणारा मेंदू

मनुष्याच्या शरीरांतून एकदां गेलेली हालचाल पुनः परत येते कीं नाहीं, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ वैद्यकाचा दिसतो. परंतु त्याला इतिहास आहे, आणि तो इतिहास प्रयोगशाळांपुरता मर्यादित नाहीं. कायदा, कारखाना व कुटुंब ह्या तिहींच्या दारांवरून तो आलेला आहे. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत जो औद्योगिक पट्टा पसरला आहे, तेथें तर ह्या प्रश्नाला रोजच्या भाकरीचें मोल आहे. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. १९६२ मध्यें महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर आसपासचीं माळरानें भूखंडांत वांटलीं गेलीं आणि मोटारी, स्कूटरी व त्यांचे सुटे भाग येथें घडूं लागले. १९८२ मध्यें पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. आणि ज्या चाकणच्या संग्रामदुर्गांतून १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें शाइस्तेखानाशीं झुंज दिली, त्याच्या भोंवतालच्या शिवारांतहि पुढें यंत्रांचा आवाज घुमूं लागला.

ह्या सर्व कर्तृत्वाचें मूळ साधन एकच : माणसाचा हात. तो प्रेसखालीं सांपडला, दुचाकीच्या अपघातांत खांद्यापाशीं मज्जातंतु तुटून लुळा पडला, किंवा मेंदूंतील रक्तवाहिनी फुटून वा तुंबून अर्ध्या अंगासह गेला, म्हणजे सारा संसारच एका बाजूला कलतो. अशा घरापुढें पहिला प्रश्न उभा राहतो तो हाच कीं, गेलें तें गेलेंच काय? गेल्या सव्वादोनशें वर्षांत ह्या प्रश्नाचीं उत्तरें कशीं बदलत गेलीं, याचा मागोवा घेणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

आपल्याकडील प्राचीन वैद्यकाला हा विकार चांगला परिचित होता. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांत वातव्याधींच्या प्रकरणीं पक्षवधाचें वर्णन आलें आहे, आणि स्नेह, स्वेद व विरेचन हे त्यावरील उपाय सांगितले आहेत. अर्धांगवायु हें नांवच रोगाचें मूळ वायूंत आहे असें मानतें. आजहि महाराष्ट्रांतील घरांत अर्धांगाचा झटका आला कीं तेलाची वाटी बाहेर निघते, ती त्याच परंपरेची खूण होय. ह्या उपचारांत माया आहे, ऊब आहे. परंतु त्यांत रोगी पडून असतो आणि करणारे दुसरे असतात, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. कारण पुढें युरोपांत विजेचा उपचार निघाला, तेव्हां साधन पालटलें, पण रोग्याची ही पडून राहण्याची भूमिका मात्र पालटली नाहीं.

बोलोन्या येथील गॅल्व्हानीनें १७९१ मध्यें बेडकाच्या पायावरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले आणि मेलेल्या प्राण्याचा स्नायु विजेनें आंखडतो, ह्या वार्तेनें युरोप थक्क झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास द्यूशेन नांवाच्या फ्रेंच वैद्यानें ह्या विद्येला शिस्त लावली. कातडीवर ओलीं अग्रें टेकवून एकेका स्नायूला स्वतंत्रपणें हालविण्याची पद्धति त्यानें बसविली आणि १८५५ मध्यें तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. कोणता स्नायु कोणतें काम करतो, याचें ज्ञान द्यूशेनमुळें फार वाढलें. परंतु उपचार म्हणून पाहिलें तर त्या पद्धतींत एक उणीव होती. प्रवाह चालू असेतों हात हाले. पण तो हुकूम बाहेरच्या यंत्राचा असे, रोग्याच्या इच्छेचा नव्हे. वीज होती, पण कर्ता नव्हता.

खरा हुकूम कोठून सुटतो, हें १८७० मध्यें बर्लिनला उमगलें. फ्रिट्श आणि हिट्झिग ह्या दोघां तरुणांनीं कुत्र्याच्या उघड्या मेंदूस सौम्य वीज लावून पाहिली. प्रयोगशाळेंत जागा नव्हती, म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या घरींच झाले अशी हकीकत आहे. मेंदूच्या एका ठिकाणीं वीज लावली कीं विरुद्ध बाजूचा पुढचा पाय हाले, दुसऱ्या ठिकाणीं लावली कीं मागचा. लवकरच इंग्लंडांत फेरियरनें माकडांवर हेंच काम पुढें नेलें, आणि मेंदूचा नकाशा तयार होऊं लागला. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो, तसा जणूं शरीराच्या प्रत्येक भागाचा मेंदूंत सातबारा निघाला : एवढा तुकडा अंगठ्याचा, एवढा ओठांचा, एवढा पायाचा.

नकाशा हातीं आला कीं त्यावरील रेषा अचल आहेत असें मानण्याचा मोह होतो. तसेंच झालें. मज्जातंतूंच्या रचनेचा सर्वांत मोठा अभ्यासक स्पेनचा रामोन इ काहाल. १९०६ चें नोबेल पारितोषिक त्याला गॉल्जीबरोबर विभागून मिळालें होतें. १९१३-१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत त्यानें असा निर्णय दिला कीं, प्रौढ मेंदूंतील वाटा कायमच्या ठरलेल्या असतात. तेथें मरण आहे, पुनर्जन्म नाहीं. ह्या कठोर निकालांत पुढील काळाच्या शास्त्रानें जमल्यास बदल करावा, अशी पुस्तीहि त्यानें जोडली होती. परंतु निकाल सर्वांनीं पाठ केला आणि पुस्ती विसरली गेली.

ह्याच काळांत हिंदुस्थानांत १९२३ चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा आला. १ जुलै १९२४ पासून तो अंमलांत आला. त्या कायद्यानें मोठा उपकार केला, यांत शंका नाहीं. कामावर असतां इजा झालेल्या मनुष्यास धन्याच्या दयेवर न राहतां हक्कानें कांहीं मागतां येऊं लागलें. त्याला जोडलेल्या तक्त्यांत शरीराच्या भागांची कमाईच्या टक्क्यांत किंमत बांधलेली होती. पुढें सुधारलेल्या तक्त्यांत अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी १४, मधलें बोट १२, अनामिका किंवा करंगळी ७ अशा नोंदी आढळतात. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेनें तो जुना कायदा आपल्या पोटांत घेतला, तरी टक्क्यांत मोजण्याची रीति कायम राहिली. भरपाईचा हिशेब कोठें तरी मिटवावाच लागतो. कायद्याला दुसरा मार्ग नव्हता. परंतु ‘कायमचें अपंगत्व’ हा शब्द कागदावर उमटला कीं तो कागदापुरता राहत नाहीं; रोगी, घरचीं माणसें आणि कित्येकदां वैद्यहि त्याला शरीराचाच निकाल समजतात. काहालचा निर्णय आणि कायद्याचा तक्ता हीं एकमेकांस न ओळखणारीं भावंडें होतीं : दोघांनींहि मनुष्याचें शरीर एका तारखेस मोजून बंद केलें.

आश्चर्य असें कीं, ह्या निकालाला खोडणारा पुरावा त्याच सुमारास पुढें आला होता. १९१७ मध्यें ऑग्डेन आणि फ्रांझ ह्या अमेरिकन संशोधकांनीं माकडांच्या मेंदूस इजा करून त्यांचा एक हात लुळा पाडला. नंतर त्यांनीं कांहीं माकडांचा धडधाकट हात बांधून ठेवला आणि लुळा हात वापरणें त्यांना भाग पाडलें. जीं माकडें मोकळीं सोडलीं, त्यांचा हात लुळाच राहिला. ज्यांना राबविलें, त्यांचा हात कामास लागला. येथें वीज नव्हती. होता तो केवळ कर्त्याचा यत्न. हा प्रयोग छापला गेला आणि कपाटांत पडून राहिला. जवळजवळ सत्तर वर्षांनंतर एडवर्ड टाउब ह्यानें त्याच तत्त्वावर मनुष्यासाठीं उपचार बसविला. २००६ मध्यें प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचणींत २२२ रोग्यांवर तो पारखला गेला. चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दोन आठवडे जागेपणींचा बहुतेक वेळ दुखावलेल्या हातानेंच व्यवहार करावयाचा, असा तो साधा पण कठोर उपचार होता, आणि तो लाभदायक ठरला.

टाउबनें एक मर्मभेदक गोष्ट दाखविली. रोगी आरंभीं लुळा हात उचलूं पाहतो, फजीत होतो, आणि हळूहळू प्रयत्नच सोडून देतो; पुढें मेंदू थोडाफार सांवरला तरी सोडलेली संवय परत येत नाहीं. न वापरणें हेंहि मनुष्य शिकतो. आपल्या घरांत ह्या शिक्षणाला मायेची जोड मिळते. पत्नी घांस भरविते, भाऊ अंघोळ घालतो, मुलगी सदऱ्याचीं बटणें लावते. आणि सर्वांच्या प्रेमानें तो हात हळूहळू निवृत्त होतो. ही माया दोषार्ह नव्हे, पण तिला वेळेवर आवर घातला नाहीं तर ती रोगाच्या बाजूनें उभी राहते.

आपल्या प्रांतांत ह्या विचाराचीं पावलें कशीं उमटलीं, तेंहि पाहूं. दोन महायुद्धांनीं पुण्यास जखमी सैनिक आणून सोडले. आज खडकीस असलेली अपंग सैनिकांची क्वीन मेरी तंत्रसंस्था १९१७ ची, आणि पुण्याचें कृत्रिम अवयव केंद्र १९४४ चें. नागरी जीवनांत मात्र पहिली हालचाल एका आईनें केली. मुंबईच्या फातिमा इस्माईल ह्यांच्या मुलीला पोलिओ झाला. मद्रासच्या डॉ. किणी ह्यांच्याकडील उपचारानें ती सुधारली, तेव्हां इतर मुलांची सोय काय, ह्या विचारानें त्यांनीं १९४७ सालीं मुंबईंत अशा मुलांसाठीं उपचारकेंद्र उघडलें. त्या काळीं ऑस्ट्रेलियाच्या केनी ह्या परिचारिकेची पद्धति गाजत होती. पोलिओच्या मुलांना फळ्यांत जखडून न ठेवतां ऊन लोकरी कापडानें शेकावें आणि स्नायूंना पुनः शिकवावें, असा तिचा आग्रह होता. तिची उपपत्ति पुढें टिकली नाहीं, पण जखडण्यापेक्षां शिकविणें बरें, हा तिचा धडा टिकला. १९५३ मध्यें परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत फिजिओथेरपीची भारतांतील पहिली शाळा निघाली, आणि १९५५ मध्यें मुंबईंतच अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था स्थापन झाली.

पिंपरीच्या उंबरठ्यावर, खडकीस, १९७४ मध्यें पाठीच्या कण्यास इजा झालेल्या सैनिकांसाठीं पुनर्वसन केंद्र सुरू झालें. येथें एका नांवाचा उल्लेख केल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मुरलीकांत पेटकर सैन्यांत मुष्टियोद्धे म्हणून नांवाजले होते. १९६५ च्या युद्धांत गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. उपचार म्हणून सुरू झालेलें पोहणें त्यांनीं इतकें साधलें कीं, १९७२ सालीं हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिक स्पर्धेंत ५० मीटर पोहण्यांत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. पुढें त्यांनीं पुण्यास टेल्कोंत नोकरी केली. २०१८ मध्यें त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे पाय परत आले नाहींत, हेंहि स्पष्ट सांगितलें पाहिजे. मेंदूंतील इजा, कण्यांतील इजा आणि हातापायांतील मज्जातंतूची इजा ह्या तीन भिन्न गोष्टी आहेत; एकीचा उपाय दुसरीस जसाच्या तसा लागू पडत नाहीं. परंतु शरीराचा जो भाग शिकूं शकतो त्याला शिकवीत राहावें, हें सूत्र तिहींतहि एकच आहे.

इकडे शास्त्रांतहि काहालचा निकाल ढासळूं लागला होता. पोलंडच्या कोनोर्स्कीनें १९४८ मध्यें आणि कॅनडाच्या हेबनें १९४९ मध्यें असें प्रतिपादिलें कीं, मज्जापेशींमधील जोड वापरानें बदलतात. ज्या पेशी वारंवार एकत्र जागतात त्यांचें नातें घट्ट होतें. ह्या गुणाला इंग्रजींत प्लॅस्टिसिटी म्हणतात. आपण त्याला घडणशीलता म्हणूं. खरें तर मराठीला हें ज्ञान नवें नाहीं. एखादी गोष्ट ‘अंगवळणीं पडली’ असें आपण म्हणतों, लेथवर नव्या मुलाचा ‘हात बसला’ असें कारखान्यांतला मिस्त्री म्हणतो; शास्त्रानें एवढेंच दाखविलें कीं हें वळण अंगाला नव्हे, मेंदूला लागतें.

त्याचा डोळ्यांस दिसणारा पुरावा मर्झेनिक, कास व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८० नंतरच्या दशकांत दिला. माकडाचें एक बोट काढून टाकल्यावर त्याच्या नांवचा मेंदूंतील तुकडा कांहीं महिन्यांनीं पाहिला, तर तो ओसाड नव्हता. शेजारच्या बोटांनीं तो आपल्या कामास लावला होता. शेत पडीक राहिलें कीं शेजारी बांध कोरून नांगर घालतो, तसाच हा प्रकार. ज्या कामगाराचें बोट प्रेसखालीं गेलें, त्याच्या मेंदूंतहि बांध सरकूं शकतात. सातबारा बदलतो, पण तो कसणाऱ्याच्या नांवें बदलतो, बसून राहणाऱ्याच्या नव्हे.

आतां वीज आणि यत्न ह्यांची गांठ कशी पडली तें पाहूं. १९६१ मध्यें लिबर्सन नांवाच्या वैद्यानें अर्धांगाच्या रोग्यांसाठीं एक लहानसें यंत्र केलें. चालतांना पाऊल खालीं लोंबतें, म्हणून टांचेखालीं एक कळ बसविली. टांच उचलली कीं गुडघ्याजवळील मज्जातंतूस वीज मिळे आणि पाऊल वर उचललें जाई. हेतु केवळ आधाराचा होता. परंतु कांहीं रोगी यंत्र बंद केल्यावरहि थोडा वेळ पाऊल उचलूं शकतात, असें लिबर्सनच्या ध्यानांत आलें. द्यूशेनच्या विजेपेक्षां ही वीज निराळी ती एवढ्यापुरतीच कीं, ती रोग्याच्या स्वतःच्या पावलाशीं वेळ साधून येत होती.

वेळेचें हें महत्त्व पुढें हेतुपुरस्सर अभ्यासलें गेलें. किलगार्ड आणि मर्झेनिक ह्यांनीं १९९८ मध्यें दाखविलें कीं, उंदराला विशिष्ट सूर ऐकवितांना त्याच वेळीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका केंद्रास वीज दिली, तर त्या सुराचा मेंदूंतील प्रदेश विस्तारतो. ‘हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे’ अशी खूण करणारें तें केंद्र होय. पण मनुष्याच्या मेंदूच्या तळाशीं सुई कशी न्यावी? तेव्हां लक्ष गेलें व्हेगस मज्जातंतूकडे. लॅटिनांत व्हेगस म्हणजे भटका. मेंदूपासून निघून हा तंतु मानेंतून उतरतो आणि हृदय, फुप्फुसें, जठर असा सर्वत्र हिंडतो. अपस्मारावरील उपाय म्हणून मानेंतील ह्या तंतूस वीज देण्याचें यंत्र १९८८ मध्यें प्रथम मनुष्यांत बसविलें गेलें, आणि १९९७ मध्यें अमेरिकेंत त्याला मान्यता मिळाली होती. ह्याच तंतूच्या द्वारें मेंदूंतील ती खूण करणारीं केंद्रें जागीं करतां येतात. उंदरांवरील प्रयोगांत असें दिसलें कीं, पंजाच्या व्यायामाच्या क्षणींच वीज दिली तर मेंदूच्या आघातानंतर बळ अधिक परत येतें. तीच वीज व्यायामानंतर दोन तासांनीं दिली तर तेवढा लाभ होत नाहीं.

मनुष्यावरील मोठी चांचणी २०२१ मध्यें ‘लॅन्सेट’मध्यें प्रसिद्ध झाली. ब्रिटन व अमेरिका मिळून १०८ रोगी तींत होते. प्रत्येकाच्या आघातास निदान नऊ महिने लोटले होते, म्हणजे आपोआप होणारी सुधारणा बहुतेक संपलेली होती. सर्वांच्या छातींत यंत्र बसविलें, पण उपचाराची वीज निम्म्यांनाच दिली. सहा आठवड्यांत अठरा बैठकी झाल्या. रोगी वस्तु उचलूं लागला कीं उपचारक कळ दाबी, आणि अर्धा सेकंद सौम्य वीज व्हेगसला मिळे. असें एका बैठकींत शेंकडों वेळां. हाताची शक्ति ६६ गुणांच्या मापानें मोजली. वीज मिळालेल्या गटाची सरासरी ५ गुणांनीं वाढली, दुसऱ्याची २.४ गुणांनीं. तीन महिन्यांनंतर पाहतां उपयुक्त म्हणावी अशी सुधारणा पहिल्या गटांत शेंकडा ४७ जणांत, तर दुसऱ्यांत शेंकडा २४ जणांत आढळली. त्याच वर्षीं अमेरिकेनें ह्या उपचारास मान्यता दिली.

ह्या आंकड्यांनीं हुरळून जाऊं नये. पहिल्या गटांतील निम्म्याहून अधिक लोकांना तेवढा लाभ झाला नाहीं, आणि शस्त्रक्रियेवांचून हें यंत्र बसत नाहीं. परंतु बहुतेकांच्या नजरेंतून निसटणारा आंकडा दुसऱ्या गटाचा आहे. ज्यांना उपचाराची वीज मिळाली नाहीं, तेहि २.४ गुणांनीं सुधारले. आणि हे सर्व आशा सोडावी अशा मुदतीनंतरचे रोगी होते. म्हणजे वीज लाभ दुप्पट करते, पण ज्याची दुप्पट व्हावयाची तें मूळ भांडवल अभ्यासाचें असतें. अभ्यास शून्य असेल तर विजेला दुप्पट करावयास कांहींच उरत नाहीं. द्यूशेनपासून आजवरच्या इतिहासाचें तात्पर्य हेंच कीं, मज्जातंतूस दिलेली वीज हा कर्ता नसून साक्षीदार आहे. मनुष्य स्वतः हात उचलूं पाहतो त्या क्षणीं ती मेंदूला सांगते, ‘हें टिपून घे.’

ही गोष्ट पिंपरी-चाकणच्या कामगाराच्या दृष्टीनें फार महत्त्वाची आहे. मौल्यवान यंत्र त्याच्या वांट्यास केव्हां येईल तें येवो. अभ्यासाला यंत्र लागत नाहीं. त्याला लागतात तीन गोष्टी : शिकविणारा माणूस, शेंकडों वेळां तेंच करण्याची चिकाटी, आणि त्या महिन्यांत चूल पेटती राहण्याची हमी. पहिली गोष्ट परळच्या त्या शाळेपासून आपल्याकडे वाढत आली आहे. दुसरी आपल्या लोकांत कमी नाहीं. जो मनुष्य पाळींत आठ-आठ तास एकच भाग हजार वेळां काढतो, त्याला पुनरावृत्तीचा कंटाळा कोणीं शिकवावा? अडते ती तिसरी गोष्ट. १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यानें तात्पुरत्या अपंगत्वाच्या काळांत वेतनाचा मोठा भाग देण्याचें तत्त्व मान्य केलें. पण जो ठेकेदाराच्या वहीवर आहे, किंवा कोणत्याच वहीवर नाहीं, त्याच्यापर्यंत तें पोंचणें कठीण जातें. तो जखम भरतांच एका हातानें जमेल तें काम शोधतो, आणि दुखावलेला हात खिशांत राहतो. शास्त्र म्हणतें तो शिकूं शकतो. संसार म्हणतो त्याला वेळ नाहीं.

काहालनें आपल्या निकालास जी पुस्ती जोडली होती, ती शंभर वर्षांनीं शास्त्रानें खरी करून दाखविली. भरपाईच्या तक्त्यास अद्याप तशी पुस्ती जोडली गेलेली नाहीं. त्यांत प्रत्येक बोटाचे टक्के आहेत, परंतु तें बोट हरवलेल्या किंवा लुळ्या पडलेल्या हातास पुनः शिकविण्यास जे महिने लागतात, त्यांचा रकाना नाहीं. तो घालण्यास वीज नको, शस्त्रक्रिया नको. धनी, सरकार आणि शेजारी ह्यांनीं एवढेंच मानलें पाहिजे कीं जखम भरली म्हणजे उपचार संपला असें नव्हे, शिक्षण तेथून सुरू होतें.